बाळाचा मेंदू आणि आईची फाईल: दिवस राहायच्या आधीपासून डिलिव्हरीपर्यंत काय काय बघायचं

मागच्या महिन्यात धाकट्या जावेचा फोन आला, "ताई, पॉझिटिव्ह आलंय!" आणि अभिनंदन वगैरे होतंय तोवर पुढचा प्रश्न, कुठली पावडर चालू करू आणि गर्भसंस्काराचा क्लास ऑनलाईन लावू की ऑफलाईन, कारण म्हणे बाळाचा मेंदू आत्ताच घडतो ना. मी विचारलं, फॉलिकच्या गोळ्या चालू होत्या का? टीएसएच, म्हणजे थायरॉईडची टेस्ट, शेवटची कधी केलेली? पलीकडे शांतता. मग तिला मी जे व्हॉइस नोटवर व्हॉइस नोट पाठवत बसले तेच इथे जरा नीट लिहून काढतेय.

मी डॉक्टर नाहीये. दोन बाळंतपणं झालीयेत, दोन जाडजूड फायली आहेत आणि पहिल्या वेळी माझं थायरॉईड पाचव्या महिन्यात सापडलं कारण त्याआधी कोणी टेस्टच लिहून दिली नव्हती आणि मलाही विचारायचं सुचलं नाही, तेव्हापासून मी या विषयावर सापडेल ते वाचत आलेय. (मुलगा आता चौथीत आहे, ठणठणीत आहे, प्रश्न विचारून डोकं खातो. हे आधीच सांगते म्हणजे कोणी घाबरून खाली स्क्रोल करणार नाही.) गोळ्यांचे डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारून घ्या, मी फक्त काय विचारायचं ते सांगतेय.

पायरी १: दिवस राहायच्या आधी

हीच पायरी सगळे गाळतात, आणि नेमकी हीच जास्त महत्त्वाची. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू एका नळीतून तयार होतात आणि गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत ती नळी मिटून जाते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होईपर्यंत, तुम्ही अजून "उशीर झालाय, बघू या" म्हणत असता, तोवर तिकडे पहिलं मोठं काम उरकलेलं असतं. ती नीट मिटली नाही तर पाठीच्या कण्याचे किंवा कवटीचे गंभीर दोष होतात. यासाठी फॉलिक ॲसिड लागतं, रोज निदान ४०० मायक्रोग्रॅम, आणि ते पॉझिटिव्ह आल्यावर नाही तर किमान एक महिना आधीपासून, आपल्याकडे डॉक्टर सहसा तीन महिने आधी सांगतात. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं एक ट्रायल छापली, ज्या बायकांना आधी असं बाळ झालं होतं त्यांना गर्भ राहायच्या आधीपासून जास्त डोस, रोज ४ मिलिग्रॅम दिला, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी खाली आलं. इतक्या स्वस्त गोळीचा इतका मोठा परिणाम क्वचितच कुठे दिसतो. आधीचं बाळ तसं असेल किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर तुम्हाला हाच जास्तीचा डोस लागू शकतो, डॉक्टरांना आपणहून सांगा.

फिट्सचा विषय निघालाच आहे तर, व्हॅल्प्रोएट नावाचं औषध चालू असेल तर प्लॅनिंगच्या आधीच न्यूरोलॉजिस्टकडे जा. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला, त्यात पोटात असताना व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांचा सहाव्या वर्षी सरासरी बुद्ध्यांक ९७ भरला आणि लॅमोट्रिजिन हे फिट्सचंच दुसरं औषध मिळालेल्यांचा १०८. पण म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही हां, फिट येणं आई आणि बाळ दोघांना धोक्याचं आहे. बदलायची तर डॉक्टरांनी, हळूहळू, आधीच.

आणि बी१२. हे खास आपल्याकडचं दुखणं आहे. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, शेतात राबणाऱ्या, बहुतेक भाजी-भाकरी खाणाऱ्या बायका, आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त जणींचं बी१२ कमी निघालं. पुढे त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर ज्यांच्या आयांचं बी१२ एकदम तळाला होतं आणि ज्यांच्या आयांचं एकदम वर होतं अशा मुलांची तुलना केली, तर तळाच्या गटातली मुलं लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे उलटे म्हणून दाखवण्याच्या चाचणीत मागे पडली. बाकीच्या चाचण्यांत असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. म्हणजे मूल "ढ" होतं असं काही नाही, पण फरक पडतो. बी१२ दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यातूनच मिळतं, पालेभाजीत नसतं. शाकाहारी असाल आणि दूधही चहापुरतंच असेल तर दिवस राहायच्या आधी बी१२ची टेस्ट करून घ्या, आणि नुसती फॉलिक घेत राहून बी१२ विसरू नका, दोघांचं काम जोडीनं चालतं.

या भेटीतच टीएसएच, हिमोग्लोबिन, शुगर उरकून टाका आणि रुबेलाची लस झालीय का बघा (ती घेतल्यावर एक महिना थांबावं लागतं, गरोदरपणात देत नाहीत). डायबिटीस आधीपासून असेल तर एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) ६.५ च्या खाली आणूनच पुढे जा.

पायरी २: पॉझिटिव्ह आल्याबरोबर

दोन महिने कोणाला सांगायचं नाही हे ठीक आहे, पण ते नातेवाईकांपुरतं, डॉक्टरांना लगेच सांगायचं. पहिल्या बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, सरकारी दवाखाना असो की प्रायव्हेट. आशाताईंकडून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या, प्रायव्हेटमध्ये दाखवत असाल तरी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली फुकट तपासणी असते, २०१६ पासून आहे, तरी कितीतरी जणींना माहितीच नसते.

आता थायरॉईड, माझा आवडता विषय. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर कामाला लागते आणि अर्धी प्रेग्नन्सी होईपर्यंत बाळ मोठ्या प्रमाणात आईच्याच हार्मोनवर चालतं, आणि मेंदूच्या पेशी जागच्या जागी जाऊन बसतात त्या याच हार्मोनच्या इशाऱ्यावर. अमेरिकेतल्या १९९९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात ज्या आयांचं थायरॉईड कमी होतं आणि उपचार झाला नव्हता त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सात-नऊ वर्षांच्या वयात इतर मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी आला. हे वाचून मी एक रात्र झोपले नव्हते. मग पुढचं वाचलं, की टीएसएच जरासंच वर असलेल्या बायकांना गरोदरपणात गोळी देऊन बघितलं, २०१२ आणि २०१७ मध्ये दोन मोठ्या ट्रायल आल्या, तर मुलांच्या बुद्ध्यांकात काही फरक सापडला नाही, अर्थात तिथे गोळी बरीचशी पहिले तीन महिने संपत आल्यावर सुरू झाली होती. याचा मी लावलेला अर्थ एवढाच: टेस्ट लवकर करा, गोळी लिहून दिली तर नीट घ्या, आणि रिपोर्ट काठावरचा असेल तर छाती पिटू नका.

नीट घ्या म्हणजे कशी, तर सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास लांब. मी पहिला महिनाभर तिन्ही गोळ्या एकत्र गिळत होते, एकदाच कटकट नको म्हणून, आणि टीएसएच काही हलेना. आधीपासून थायरॉईडची गोळी चालू असेल तर पॉझिटिव्ह आल्याच्या आठवड्यातच फोन करा, डोस बहुतेक वाढवावा लागतो, आणि पुढे दर चार आठवड्यांनी टेस्ट.

याला जोडून मीठ. आयोडीन नाही तर थायरॉईड हार्मोनच बनत नाही, गरोदरपणात रोज २५० मायक्रोग्रॅम लागतं. हल्ली बऱ्याच घरी "नॅचरल" म्हणून सैंधव नाहीतर जाडं मीठ आलंय, त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. उपासाला एखाद दिवस ठीक आहे पण रोजच्या भाजी-आमटीला साधं आयोडीनयुक्त मीठच ठेवा, झाकणाच्या बरणीत ठेवा आणि शेगडीजवळ उघडं ठेवू नका. बीपीसाठी मीठ कमी सांगितलं असेल तर कमी वापरा, पण तेच वापरा.

उलट्यांबद्दल: पहिले तीन महिने काहीच पोटात राहत नसेल तर "बाळाच्या मेंदूला काही मिळत नसेल का" ही भीती सगळ्यांनाच वाटते. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुसऱ्या महायुद्धामुळे भयंकर उपासमार झाली होती, तेव्हा पोटात असलेली मुलं १९ वर्षांची होऊन सैन्यभरतीला आली तेव्हा त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या तपासल्या, आणि इतर मुलांपेक्षा त्या कमी निघाल्या नाहीत. उपासमारीचे दुसरे परिणाम झालेच, तब्येतीवर, मानसिक आजारांवर, त्यामुळे ते हलकं घ्यायची गोष्ट नाही, पण चार आठवडे लिंबूपाणी आणि खारी बिस्किटावर काढलेत म्हणून बाळाचं डोकं गेलं असं होत नाही. लघवी कमी होत असेल, पाणीही टिकत नसेल, वजन घसरत असेल तर मात्र थांबू नका, सलाईन लागतं.

पायरी ३: लोह, म्हणजे त्या लाल गोळ्या

इथे जरा वेळ घालवते कारण आपल्याकडे खरी गोम इथेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया निघाला. अर्ध्याहून जास्त! गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. "आमच्या घरात सगळ्यांचं नऊच असतं" हे वाक्य मी किमान तीन बायकांच्या तोंडून ऐकलंय.

मेंदूशी याचा संबंध असा की मेंदूतल्या तारांवर जे आवरण चढतं आणि पेशी एकमेकींना निरोप पाठवतात त्या दोन्ही कामांना लोह लागतं. शिवाय शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आईकडून लोह घेऊन साठवून ठेवतं, पुढचे साधारण सहा महिने, म्हणजे वरचं खाणं सुरू होईपर्यंत, त्याच साठ्यावर चालतं कारण आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं. आईचीच तिजोरी रिकामी असेल तर बाळाचं पासबुक कमी बॅलन्सनं सुरू होतं.

सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टर दोन सांगतात. आता गोळ्या फुकट मिळतात तरी कपाटात का पडून राहतात, तर मळमळतं, पोट दुखतं, शी काळी होते. काळी होणं नॉर्मल आहे. मळमळत असेल तर रात्री जेवण झाल्यावर तासाभरानं घ्या आणि झोपा, मला यानेच जमलं. लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घेतली तर जास्त लागू पडते. चहा-कॉफी आधी-नंतर तासभर नको, दुधाबरोबर नको, आणि कॅल्शियमची गोळी निदान दोन तास लांब. माझं टाईमटेबल सांगते: सहाला थायरॉईड, सकाळचा नाश्ता झाल्यावर साडेदहाच्या सुमारास कॅल्शियम, दुपारी जेवल्यावर दुसरी कॅल्शियम, रात्री लोह. फ्रिजवर कागद चिकटवला होता आणि मोबाईलमध्ये चार अलार्म. सासूबाई म्हणायच्या हिचा फोन देवळातल्या घंटेसारखा वाजतो.

महिन्याभरानं परत हिमोग्लोबिन बघा. वाढत नसेल तर "तुम्ही खातच नाही नीट" हे ऐकून गप्प बसू नका, बी१२ कमी आहे का, थॅलेसेमियाचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) अंश आहे का, जंत आहेत का हे विचारा. जंतांची एक गोळी चौथ्या ते सहाव्या महिन्यात देतात. गोळ्या झेपतच नसतील किंवा दिवस फार पुढे गेले असतील तर सलाईनमधून लोह देतात, पहिल्या तीन महिन्यांत मात्र देत नाहीत.

आणि एक लपवलं जाणारं लक्षण: खडू, पाटीवरची पेन्सिल, भाजलेली माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं. घरचे डोहाळे म्हणून हसतात, पण बऱ्याचदा लोह कमी असल्याची ती खूण असते, आणि मातीतून जंत किंवा शिसं पोटात जाऊ शकतं. लाजू नका, डॉक्टरांना सांगा, ते रोज ऐकतात.

पायरी ४: ताट

"दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" हे खरं नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबानं गरोदरपणात रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे दोन पोळ्या, वाटीभर उसळ, एक फळ एवढंच. प्रोटीन मात्र शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम जास्त लागतं आणि ते आपल्या वरण-भातातल्या पातळ वरणानं होत नाही. मटकी, हरभरा, पनीर, अंडी, शेंगदाण्याची जाड चटणी, सोयाबीन, जे घरात चालतं ते दर जेवणात दिसलं पाहिजे. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली यांच्याइतके चांगले दुसरे नाहीत, मेंदूला लागणारं डीएचए नावाचं ओमेगा-३ फॅट भरपूर, पारा कमी, आणि पापलेटपेक्षा स्वस्त. मोरी आणि मोठ्या सुरमईसारखे दुसरे मासे खाऊन वाढणारे मासे कमी करा, त्यांच्यात पारा साठतो. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी, अक्रोड, पण त्यांचं शरीरात डीएचए फार थोडंच होतं.

मग डीएचएवाली पावडर? ऑस्ट्रेलियात दोन हजारांहून जास्त गरोदर बायकांवर मोठी ट्रायल झाली, २०१० मध्ये छापली, डीएचएच्या कॅप्सूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या आयांच्या बाळांची दीड वर्षाची असताना चाचणी केली तर बुद्धीत फरक नाही. डब्यावर हसणाऱ्या बाळाचा फोटो आहे म्हणून घेऊ नका. त्या पैशात महिनाभर रोज दोन अंडी येतात. केशरदुधानं रंगही बदलत नाही, बुद्धीही नाही, छान लागतं म्हणून प्या.

हळद सुटी, खूप झळझळीत पिवळी घेऊ नका, काही ठिकाणी रंगासाठी शिशाचं रसायन मिसळल्याचं सापडलंय, आणि शिसं वारेतून सरळ बाळाकडे जातं, मेंदूला ते विषच. याच कारणानं गरोदर बाईनं जुन्या घराचा रंग खरवडायच्या कामाला हात लावायचा नाही, बाळाची खोली रंगवायची हौस नवऱ्याला करू द्या.

पायरी ५: शुगर आणि बीपी

शुगरची टेस्ट पहिल्या भेटीत आणि परत २४ ते २८ आठवड्यांत. उपाशी जायची गरज नसते, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं, १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला डायबिटीस. आलं तर रडत बसू नका, बहुतेकींचं खाणं बदलून आणि जेवणानंतर चालून आटोक्यात येतं, टार्गेट उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली. पण भात-पोळी सगळंच बंद करून उपाशी राहू नका, ते चुकीचं आहे.

बीपी १४०/९० गेलं की लगेच दाखवायचं. बीपी वाढलं की वारेतून रक्त कमी जातं, बाळाची वाढ खुंटते, डिलिव्हरी लवकर करावी लागते, आणि मेंदूला त्याचाच फटका बसतो. आधीच्या वेळी बीपी वाढलं होतं, जुळं आहे, किडनीचा त्रास आहे असं काही असेल तर ॲस्पिरिनच्या छोट्या गोळीबद्दल विचारा, ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तर जास्त उपयोगी पडते. स्वतःहून घेऊ नका.

पायरी ६: मिश्री, दारू, धूर

गावाकडे अजून कितीतरी बायका मिश्री लावतात आणि त्याला तंबाखू मानतच नाहीत, "दात घासते मी". मुंबईत १,२१७ बायकांवर झालेल्या अभ्यासात, २००४ मध्ये छापलेल्या, असा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली आणि दिवस भरायच्या आधी जन्मण्याचं प्रमाण वाढलं. एकदम सुटत नसेल तर डॉक्टरांना सांगून सोडा, पण सांगा. दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, रेड वाईनपण दारूच. सिगारेट नवऱ्यानं घराबाहेर, आणि चुलीवर स्वयंपाक असेल तर ते काम काही महिने दुसऱ्यानं.

पायरी ७: मन

आईचं डिप्रेशन बराच काळ राहिलं तर बाळाच्या झोपेवर, बोलण्यावर, शिकण्यावर परिणाम दिसतो, पण इथे मला भीती वाटते ती या वाक्याची, "टेन्शन घेऊ नको, बाळावर परिणाम होतो". हे ऐकून कोणाचं टेन्शन गेलंय? रोजची चिडचिड, ऑफिसचा ताण, सासूशी खटका, यानं काही होत नाही. दोन आठवडे सलग रडू येतंय, कशात मन लागत नाही, झोप उडालीय, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे, गरोदरपणात चालणारी औषधंही आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा सरकारी फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. कोणी घरात मारत असेल तर तेही तपासणीच्या वेळी एकटं असताना सांगा.

गर्भसंस्काराचं म्हणाल तर, बाळाला सातव्या महिन्याच्या आसपास ऐकू येतंच. १९८६ मध्ये अमेरिकेत आयांनी शेवटचे सहा आठवडे एकच गोष्ट रोज मोठ्यानं वाचली आणि जन्मल्यावर बाळांनी ती ओळखली. म्हणजे बाळ तुमचा आवाज ओळखतं, गोड आहे ते. पण त्यानं हुशार होतं असं कोणी दाखवलेलं नाही, आणि मोझार्टचं संगीत ऐकवून हुशार होण्याची जी कथा आहे ती १९९३ च्या कॉलेजच्या पोरांवरच्या प्रयोगाची आहे, तीही काही मिनिटांपुरती. पोटावर हेडफोन लावू नका. अंगाई म्हणा, भांडी घासताना गाणं म्हणा, फुकट आहे. क्लासनं तुम्हाला शांत वाटत असेल तर जरूर लावा, फक्त लोहाच्या गोळ्यांच्या आधी नाही.

पायरी ८: मुहूर्त आणि नाळ

३५ व्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या साधारण दोन तृतीयांश असतं. म्हणजे शेवटच्या चार-पाच आठवड्यांत उरलेला एक तृतीयांश भरतो. आणि आपल्याकडे पत्रिका बघून ३७ व्या आठवड्यातला "चांगला दिवस" काढून सिझर ठरवतात! वैद्यकीय कारण असेल तर ३४ व्या आठवड्यातसुद्धा काढावं लागतं, तिथे डॉक्टर सांगतील तेच. पण नुसत्या मुहूर्तासाठी किंवा मामा परदेशातून येतोय म्हणून ३९ आठवडे पूर्ण व्हायच्या आत नको. सासरे ऐकत नसतील तर गुरुजींना सांगा ३९ आठवड्यांनंतरचा दिवस काढून द्या, तेही काढून देतात, आमच्याकडे दिला.

लेबर रूमला जायच्या आधी डॉक्टरांना अजून एक विचारून ठेवा, बाळ रडलं आणि सगळं ठीक असेल तर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबणार का. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि त्याबरोबर लोह. सिझरमध्येही बऱ्याचदा जमतं. जावेला सांगितलं, फाईलच्या पहिल्या पानावर पेननं लिहून ठेव, त्या दिवशी तुझ्या लक्षात राहणार नाही आणि दिराच्या तर नाहीच नाही.